वीस इंची चाक

जून २०१९मधला एक शनिवार. नॉटिंगहॅमच्या लेंटन भागातल्या एका अरुंद गल्लीत सकाळी सहा वाजता एका प्लंबरची पांढरी व्हॅन उभी होती. मागचं दार सताड उघडं. तांब्याच्या नळ्या, पान्यांची पेटी, रंगाचे डबे एका बाजूला सारून मध्ये जागा केलेली, आणि त्या जागेत एक सायकल. चाकं जेमतेम गुडघ्याएवढी. सीट इतकी खाली, की तिच्यावर बसून लांब कुठे जावं असं कुणाच्या मनातही येऊ नये. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. घरातून बाहेर आलेल्या माणसाने व्हॅनमध्ये डोकावून पाहिलं, जाता-येता देवळाच्या पायरीला लावावीत तशी दोन बोटं हँडलला लावली, आणि काही न बोलता पुढे जाऊन बसला. तो त्या दिवशी पन्नास वर्षांचा झाला होता.

त्याचं नाव सांगून फारसं कुणाला काही कळणार नाही. बीएमएक्सच्या जगात पोस्टरवर मोजकी माणसं येतात. बाकीची हजारो जत्रांमध्ये, शाळांच्या मैदानांवर, सुपरमार्केटच्या वाहनतळावर लाकडी रॅम्प उभारून उड्या मारतात, संध्याकाळी रॅम्प खोलून ट्रकमध्ये भरतात आणि पुढच्या गावाला निघतात. हा त्यातला. आधी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती, मग रॅम्प, मग पोट भरण्यासाठी प्रात्यक्षिकं. त्रेचाळिसाव्या वर्षी थांबला. म्हणजे थांबावं लागलं. त्याला पन्नाशीला काय हवं असं विचारल्यावर त्याने एकच सांगितलं होतं, ‘रॉमला जाऊन येऊ. सकाळी जायचं, रात्री परत.’ त्यामुळे आजच्या सहलीचा तोच उत्सवमूर्ती.

सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ती सायकल पाहून वेगळंच काही आठवेल. तेव्हा घरात सायकल असलीच तर एकच, आणि ती वडलांची. अठ्ठावीस इंची चाकं, काळा रंग, पुढे डायनामोचा दिवा. मुलं त्याच सायकलच्या आडव्या नळीखालून पाय घालून, अंग एका बाजूला कलवून ‘हाफ पायडल’ मारत शिकायची. मग कधीतरी नळीवरून पाय टाकून फुल पायडल, आणि कितीतरी दिवसांनी सीट. मूल वाढायचं ते जणू सायकलच्या उंचीला पोचण्यासाठी. नॉटिंगहॅमच्या या माणसाचं बरोबर उलटं झालं. तो वाढला, खांदे रुंद झाले, डोक्यावरचे केस गेले, आणि सायकल मात्र तेराव्या वर्षी होती तेवढीच राहिली. बीएमएक्सचं चाक वीस इंची. शाळकरी पोराला तेच, ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्यालाही तेच. लहानपणीच्या एखाद्या वस्तूचं माप आयुष्यभर पुरावं, असं भाग्य फार थोड्या खेळांच्या वाट्याला आलं आहे.

लेंटनमध्ये जन्मलेल्या पोराला सायकल टाळता येणं कठीणच होतं. १८८०च्या दशकात नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर एक छोटा कारखाना होता. फ्रँक बाउडेन नावाच्या माणसाने तो घेतला, वाढवला, आणि रस्त्याचं नाव सायकलला मिळून जगभर गेलं. पुढे लेंटनमध्ये कारखान्याचा पसारा इतका झाला, की घरटी एक माणूस तिथे कामाला, अशा गल्ल्याच्या गल्ल्या होत्या. कादंबरीकार ॲलन सिलिटो पोरवयात तिथेच राबला. त्याच्या १९५८ सालच्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’चा नायक सायकलच्या कारखान्यातलाच, आणि १९६० साली त्यावर चित्रपट निघाला तेव्हा कॅमेरा थेट रॅलेच्या यंत्रांपर्यंत गेला होता. रॅले हे नाव मराठी घरांनाही परकं नव्हतं. आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता आणि तिथल्या सायकली देशभर धावल्या. ‘रॅले आहे’ एवढं सांगितलं की सायकलची वेगळी ओळख करून द्यावी लागत नसे.

उत्सवमूर्तीचे वडील त्याच कारखान्यात होते. १९८२ साली रॅलेने ‘बर्नर’ नावाची बीएमएक्स बाजारात आणली आणि पुढच्या दोनेक वर्षांत ब्रिटनमध्ये तिचा खप लाखांत गेला. त्याच वर्षी डिसेंबरात ‘ई.टी.’ तिथल्या चित्रपटगृहांत लागला. पोलिसांना चुकवत गल्लीबोळांतून, उतारांवरून सायकली पळवणारी ती पोरं, आणि मग त्या सायकली जमीन सोडतात तो क्षण. चित्रपटातल्या सायकली ओसाकाच्या कुवाहारा कंपनीच्या होत्या, आणि मुलांच्या जागी त्या चालवणाऱ्यांत बॉब हॅरो होता, ज्याला पुढे फ्रीस्टाइल बीएमएक्सचा जनक म्हणू लागले. तेरा वर्षांचा मुलगा चित्रपट पाहून घरी आला, आणि नाताळच्या सकाळी दिवाणखान्यात बर्नर उभी होती. वडलांनी ती आपल्याच कारखान्यातून आणलेली. त्याला आजही ठाऊक नाही, की त्या सायकलच्या नळ्यांवरून वडलांचा हात कामाच्या पाळीत कधी फिरला होता की नाही. त्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. २००२ साली रॅलेचं नॉटिंगहॅममधलं उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जागेवर आता विद्यापीठाचा जुबिली कॅम्पस आहे, तळ्याकाठी विद्यार्थी बसलेले असतात.

व्हॅन त्या कॅम्पसवरून गेली तेव्हा त्याने मान वळवली नाही. ती तशीही फारशी वळत नाही. मानेतले दोन मणके धातूच्या पट्टीने एकमेकांना जखडले आहेत.

व्हॅनमध्ये चौघं होते. चालवणारा प्लंबर अजून आठवड्यातून एकदा रॅम्पवर जातो. मागची सायकल त्याची. मागे बसलेली शाळेत खेळ शिकवते. ऐंशीच्या दशकात त्यांच्या ट्रॅकवर ती एकटीच मुलगी होती आणि तिच्यासाठी वेगळी शर्यत नसल्याने ती मुलांमध्येच धावायची. चौथा टॅक्सी चालवतो. त्याच्या मांडीवर बायकोने केलेल्या लिंबाच्या केकचा डबा होता आणि वळण आलं की तो डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरायचा. चौघांची ओळख चाळीस वर्षांच्या घरातली. इतकी जुनी माणसं एकत्र असली की बोलणं तुटक होतं. अर्धं वाक्य एकाने सोडायचं, उरलेल्यावर बाकीच्यांनी हसायचं. ते बाहेरच्याला कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नसते.

या खेळाची सुरुवातच मुलांनी केली, हे विसरलं जातं. ब्रूस ब्राउनचा मोटरसायकलींवरचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट १९७१ साली आला. त्याच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातली पोरं साध्या सायकली मातीतून उडवत, तोंडाने मोटरसायकलचे आवाज काढत जाताना दिसतात. तोवर तिथल्या मैदानांवर शर्यती सुरूही झाल्या होत्या. १९७० साली लाँग बीचमध्ये एका पडीक जागेवर स्कॉट ब्राइटहॉप्टने शर्यत भरवली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. तेरा! नियम त्याने केले, पोरं त्याने जमवली. कंपन्या, संघटना, दूरदर्शनवाले, पुरस्कर्ते, ही मोठी माणसं मागाहून आली. बायसिकल मोटोक्रॉस या भारदस्त नावाच्या मुळाशी तोंडाने ‘घुर्रर्र’ करणारं एक पोर आहे. आपल्याकडे वापरून टाकलेला टायर काठीने पळवताना मुलं तोंडाने गिअर बदलायची, तेच ते पोर.

एमवन महामार्गावर गाडीने वेग घेतला आणि बोलणं दुखण्यांकडे वळलं. पन्नाशीतली माणसं कुठेही जमली की ते होतंच. फक्त यांच्या दुखण्यांना तारखा असतात. डावं मनगट, १९८७. हासळी, दोनदा. गुडघा, कुठल्याशा जत्रेत, पावसाने ओल्या झालेल्या फळ्यांवर. आणि मग मान, जिच्याबद्दल तो स्वतः कधी बोलत नाही. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्याला सायकल चालवू नकोस असं सांगितलंच नव्हतं. पडू नकोस, एवढंच म्हणाले होते. पण या खेळात पहिला धडा असतो पडण्याचा. हात कुठे ठेवायचा, खांदा कसा फिरवायचा, सायकल आपल्यापासून लांब कशी ढकलायची, हे आधी शिकायचं आणि उडी नंतर. पडण्याला मनाई म्हणजे कशाला मनाई, ते त्याला ऐकल्याऐकल्या समजलं.

शिक्षिका म्हणाली, “स्टीफनला याच महिन्यात बारा वर्षं होतात.”

कोण स्टीफन हे कुणी विचारलं नाही. न्यूकॅसलचा स्टीफन मरे. मातीच्या उंचवट्यांवरून उडणाऱ्यांमधला जगातला एक अव्वल, २००१ साली एक्स गेम्समध्ये सुवर्णपदक. २२ जून २००७ रोजी बाल्टिमोरच्या स्पर्धेत हवेत सलग दोन उलट्या कोलांट्या घेताना तो मानेवर पडला आणि खांद्यांखालचं शरीर निकामी झालं. त्याच्यासाठी ‘स्टे स्ट्राँग’ हे दोन शब्द बीएमएक्सच्या दुनियेत फिरू लागले. हेल्मेटवर, सायकलींवर, मनगटांवर. पुढे त्याच नावाने सायकली बनू लागल्या. आज ट्रॅकवर त्या सायकली पळवणाऱ्या कितीतरी मुलांचा २००७ साली जन्मही झाला नव्हता.

दुसरं नाव कुणी काढलं नाही, पण ते व्हॅनमध्ये होतंच. डेव्ह मिरा. एक्स गेम्समध्ये चोवीस पदकं, त्यातली चौदा सुवर्ण. २०१६च्या फेब्रुवारीत, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. नंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली आणि डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराने होणारा आजार, सीटीई, त्यात आढळला. तोवर हा आजार मुष्टियोद्ध्यांचा आणि अमेरिकन फुटबॉलवाल्यांचा समजला जात होता. ती बातमी आली त्या रात्री उत्सवमूर्तीने वही घेतली आणि आपण आजवर किती वेळा बेशुद्ध पडलो ते आठवून लिहायला बसला. सातपर्यंत आलं. आठवा प्रसंग नक्की घडला होता की नाही, ते आठवेना. त्याने तसंच वहीत लिहून ठेवलं आहे, आठ आकडा आणि पुढे प्रश्नचिन्ह.

टॅक्सीवाल्याने खिडकी खाली केली. वारा आत आला. केकचा डबा त्याने आणखी घट्ट धरला.

लंडनच्या पूर्वेला हॅवरिंग भागात, रॉम नावाच्या छोट्या नदीच्या बाजूला, हॉर्नचर्चमध्ये हे मैदान आहे. रस्त्यावरून काहीच दिसत नाही. कुंपण, एक साधी इमारत, आणि पलीकडे जमीन अचानक खाली जाते. सुमारे आठ हजार चौरस मीटर, म्हणजे दोन एकर काँक्रीट. पण हे काँक्रीट पुलाचं किंवा गच्चीचं नव्हे. ते वळतं, घसरतं, लाटांसारखं उठतं, विहिरीसारखं खोल जातं. जत्रेतला ‘मौत का कुआँ’ ज्यांनी पाहिला आहे त्यांना खोल हौदांच्या उभ्या भिंती ओळखीच्या वाटतील. फरक इतकाच, की इथे भिंत तळाशी गोल वळून जमिनीत मिसळते. चाक जमिनीवरून भिंतीवर कधी गेलं तेच कळू नये.

हे आकार आले कॅलिफोर्नियातून. सत्तरच्या दशकात तिथे मोठा दुष्काळ पडला, बंगल्यांमागचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले, आणि स्केटबोर्डवाली मुलं कुंपणावरून उड्या टाकून त्या तलावांत उतरली. पाणी नसलेला तलाव हीच खेळायची जागा झाली. ॲड्रियन रोल्ट याने तसले आकार इंग्लंडमध्ये आणले आणि १९७८च्या उन्हाळ्यात रॉम सुरू झालं. त्या काळात ब्रिटनमध्ये अशी बरीच मैदानं बांधली गेली. मग स्केटबोर्डची लाट ओसरली, विम्याचे हप्ते परवडेनासे झाले, आणि एकेक मैदान बुजवलं गेलं. रॉम टिकलं, आणि ते टिकण्यात बीएमएक्सवाल्यांचाही हात आहे. स्केटबोर्डची मुलं पांगली तेव्हा छोट्या सायकली इथे आल्या. ऐंशीच्या अखेरीस त्यांचीही लाट गेली, माउंटन बाइक आल्या, तरी काही माणसं येतच राहिली. कुठलीही जागा टिकते ती अशा येतच राहणाऱ्यांमुळे.

२०१४च्या ऑक्टोबरात या काँक्रीटला इंग्लंडच्या वारसा वास्तूंच्या यादीत दुसऱ्या श्रेणीचं स्थान मिळालं. जुनी चर्च, जमीनदारांचे वाडे, राणीच्या काळातली रेल्वे स्टेशनं यांच्या रांगेत मुलांनी खरचटून घ्यायचा एक खड्डा. युरोपात असा मान मिळवणारं हे पहिलंच स्केटपार्क. त्याच्या आधी अमेरिकेत टँपाच्या ‘ब्रो बोल’चं नाव तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत आलं होतं, तरीही २०१५ साली ते पाडलंच, आणि जवळच त्याची प्रतिकृती उभारली. त्यामुळे रॉमची ही नोंद म्हणजे नुसता कागद म्हणून सोडून देता येत नाही. राजाने बांधलेली वास्तू जपायला फार कारणं द्यावी लागत नाहीत. खेळाची जागा जपायची तर कुणीतरी ती मापून, तिच्या वळणांना नावं देऊन, हे वळण असंच का हे लिहून काढावं लागतं. ते कुणीतरी मन लावून केलं, याचं त्या दिवशी चौघांनाही अप्रूप होतं.

उत्सवमूर्ती आत आला आणि पहिल्यांदा त्याने बूट काढले. मोजेही. मग अनवाणी पायांनी तो मोठ्या हौदाच्या कडेवरून चालत गेला, सावकाश, दगडी पायऱ्यांवर म्हातारी माणसं चालतात तसा पाय आडवा ठेवत. त्याने वीस-पंचवीस वर्षं या जागेला चाकाने ओळखलं होतं. तळव्यांनी आज पहिल्यांदा. मधूनच वाकून हात लावायचा. एका जागी काँक्रीट काचेसारखं गुळगुळीत झालेलं, दुसरीकडे खडी वर आलेली, तिसरीकडे बुजवलेल्या भेगेचा फिकट पट्टा. एका कडेशी तो थांबला. तिथे काठाला काळ्या, चमकत्या रेघा होत्या, एकमेकींवर आलेल्या शेकडो रेघा. सायकलच्या ॲक्सलला लावलेले लोखंडी पेग त्या काठावर घासत जातात, त्याच्या खुणा. “यातली एक माझी असेल,” तो म्हणाला. कुठली, ते शोधायचा त्याने प्रयत्न केला नाही.

प्लंबर तोवर हौदात उतरला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस दोन भिंतींच्या मध्ये झोपाळ्यासारखा वर-खाली होऊ लागला. एका भिंतीवर चढायचं, कडेपाशी क्षणभर थबकायचं, वळायचं, खाली. पायडल मारावं लागत नाही. सीटवर बसायचंही नसतं. गुडघे वाकवून अंग खाली दाबायचं, चढावर सोडायचं, आणि त्या दाबण्या-सोडण्यातून वेग वाढत जातो; मूल उभ्याने झोका चढवतं तसा. आणि या सगळ्याला एक आवाज असतो. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचा. पायडल थांबलं आणि चाक फिरत राहिलं, की फ्रीव्हीलच्या आतले खिट्टीसारखे दोन-तीन तुकडे, ज्यांना आपल्याकडचे सायकलवाले ‘कुत्रे’ म्हणतात, दात्यांवरून टकटकत जातात. सायकल हातात धरून चालवत नेली तर तोच आवाज सावकाश येतो. पायडल मारलं, की कुत्रे दात्यांत रुततात आणि आवाज बंद. उत्सवमूर्ती कडेवर पाय सोडून बसला होता, डोळे मिटून. समोरचा कुठे आहे, चढतोय की उतरतोय, किती वेगात, सगळं त्याला त्या टकटकीवरून समजत होतं. “आता उशिरा वळलास,” डोळे न उघडताच तो ओरडला. खालून प्लंबर हसला, “दिसतंय की तुला!”

दुपारी एक मुलगी येऊन त्याच्याशेजारी बसली. नऊ-दहा वर्षांची असेल, हेल्मेट अजून डोक्यावरच. बराच वेळ ती त्याच्या उघड्या पायांकडे बघत होती. बीएमएक्सच्या पायडलवर बूट घट्ट बसावा म्हणून लहान लहान लोखंडी टोकं असतात. पाय निसटला, की पायडल गर्रकन फिरतं आणि ती टोकं नडगीवर बसतात. त्याचे व्रण राहतात, ओळीने ठिपके, देवीच्या व्रणांसारखे. त्याच्या दोन्ही नडग्या अशा ठिपक्यांनी भरलेल्या होत्या, काही पांढरे पडलेले, काही तांबूस. मुलीने न बोलता आपली पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय त्याच्या पायाशेजारी ठेवला. चार ठिपके. ताजे, वर खपली धरलेली.

“कधीचं?” त्याने विचारलं.

“मंगळवारचं. तुमचं?”

तो नडगीवरून बोट फिरवत गेला. हे चौऱ्याऐंशी. हे ब्याण्णव. हे इथलंच, त्या कोपऱ्यातलं. मुलगी गंभीरपणे ऐकत होती, मोठ्या माणसांकडे क्वचितच मिळते अशी महत्त्वाची माहिती ऐकावी तशी. मग तिने विचारलं, “मग तुम्ही आज का नाही खेळत?” त्याने मानेकडे बोट दाखवलं. तिने मान डोलावली, पँट खाली केली, आणि सायकल उचलून गेली. त्याची कीव केली नाही, समजूतही घातली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच भिंतीवर ती अर्ध्यापर्यंत चढत होती, परत येत होती, पुन्हा चढत होती.

अशा मुलींसाठी वाट कशी झाली, त्याच्या काही खुणा आहेत. बीएमएक्स शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली २००८ साली, बीजिंगला. क्रूची शनेझ रीड तेव्हा एकोणीस वर्षांची होती. अंतिम शर्यतीत ती दुसरी होती, रौप्य हातात होतं. शेवटच्या वळणावर तिने आतून घुसून फ्रान्सच्या ॲन-कॅरोलिन शॉसॉंला मागे टाकायचा प्रयत्न केला, चाकाला चाक लागलं, आणि ती पडली. सुवर्ण शॉसॉंला मिळालं. ते वळण अजूनही इंग्लंडमधली माणसं हाताने हवेत काढून दाखवतात. रॉमच्या त्या दिवशीही शिक्षिकेने काढून दाखवलं, केकवर लावायची मेणबत्ती हातात धरून. ती रीडच्याच बाजूने बोलत होती. वाट दिसली तर घुसायचंच, तिचं म्हणणं.

त्या जूनमध्ये पुढचं कुणाला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी टोकियोत, ३० जुलै २०२१ रोजी, बेथनी श्रीव्हरने शर्यतीचं सुवर्ण जिंकलं. महिलांच्या बीएमएक्सचा सरकारी निधी २०१७ साली बंद झाला होता, आणि तिने शाळेत मदतनीस म्हणून काम करत, लोकांकडून वर्गणी काढून तयारी केली होती. पेकहमच्या काय व्हाइटने त्याच दिवशी रौप्य मिळवलं आणि रेषेपलीकडे पाय गोळा येऊन कोसळलेल्या बेथनीला त्याने उचलून घेतलं. दोन दिवसांनी शार्लट वर्दिंग्टन फ्रीस्टाइलमध्ये उतरली. आधी ती हॉटेलात स्वयंपाक करायची. पहिल्या फेरीत ती हवेत एक पूर्ण गिरकी आणि त्याच वेळी उलटी कोलांटी अशी उडी घेताना पडली. दुसऱ्या फेरीत तिने तीच उडी पुन्हा घेतली, उतरली, आणि ९७.५० गुणांनी सुवर्ण.  फोनवर चौघं एकाच वेळी ओरडत होते.

रॉमवर संध्याकाळी वारा सुटला. केक कापायचा तर मेणबत्ती पेटेना. टॅक्सीवाल्याने पाठ आडवी धरली, शिक्षिकेने दोन्ही तळव्यांची ओंजळ केली. आपल्याकडे निरांजन घेऊन अंगणातून जाताना बायका पदराने ज्योत झाकून धरतात तशी. तरी विझायची. शेवटी उत्सवमूर्तीच म्हणाला, “खाली चला.” चौघं घसरत, एकमेकांना धरत, मोठ्या हौदाच्या तळाशी उतरले. तिथे वाराच नव्हता. वरून आवाज जात होता, झाडांचा, दूरच्या रस्त्याचा, पण तळाशी हवा थांबलेली. दिवसभर तापलेलं काँक्रीट अजून ऊब धरून होतं. डबा खाली ठेवला, मेणबत्ती पेटली आणि सरळ उभी राहिली. काठावर ती मुलगी आणि आणखी तीन-चार पोरं सायकलींवर रेलून गोल उभी होती. तीही गाण्यात सामील झाली. हौदात आवाज घुमतो. आठ-नऊ माणसांचं गाणं पन्नासांचं वाटलं. केकचे तुकडे वर पोचवायला त्यांना भिंतीवर पालथं पडून हात लांब करावा लागला.

परतीच्या वाटेवर शिक्षिका आणि टॅक्सीवाला झोपले. उत्सवमूर्ती जागा होता, अनवाणी पाय डॅशबोर्डवर ठेवून, तळव्यांवर काँक्रीटची राखाडी भुकटी तशीच. अकराच्या सुमारास व्हॅन लेंटनच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या, व्हॅन जाण्यासारखी नव्हती. प्लंबरने मागचं दार उघडून सायकल उतरवली आणि हँडल त्याच्या हातात दिलं.

“नळ्या काढायच्यात उद्या, जागा नाही. ठेव तुझ्याकडे. पुढच्या आठवड्यात नेतो.”

नळ्या तिथेच होत्या, सकाळी होत्या तशा बाजूला सारलेल्या. दोघांनाही ते दिसत होतं.

तो सायकल हाताने ढकलत निघाला. गल्ली उताराची आहे. दिव्याखालून तो गेला, मग मधल्या अंधारात शिरला. प्लंबर दाराशी उभा राहिला. इंजिन बंद, खिडक्या उघड्या. मागचे दोघंही जागे झाले होते. गल्लीतून फ्रीव्हीलचा आवाज येत होता, चालत्या माणसाच्या चालीने, टक… टक… टक. कुणी बोललं नाही. काही पावलं आवाज तसाच येत राहिला, आणि मग थांबला.